प्रकल्प कोणाचा? प्रश्न कोणाचा?

पदवीच्या विद्यार्थ्याने संशोधन करावे की नाही, हा वाद आता संपला आहे. ते करावेच लागेल, असा निर्णय वरून झालेला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली आले. महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने पदवी अभ्यासक्रमाचा नवा आराखडा स्वीकारला. स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून तो लागू झाला. या आराखड्यात क्षेत्र प्रकल्प आहे, समाजसंपर्क आहे, प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण आहे, आणि पुढे संशोधन प्रकल्पही आहे. विद्यार्थ्याने वर्गाबाहेर पडावे, माणसांशी बोलावे, स्वतःच्या हाताने काही शोधावे, काही रचावे आणि एका शिक्षकाने त्याच्या सोबतीला राहावे, ही मूळ कल्पना आहे. तिला नाक मुरडण्याचे आपल्याला काहीच कारण नाही. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना प्रश्न विचारण्याचा अधिकार नव्हता, त्यांच्या मुलांना प्रश्न विचारणे हाच अभ्यास म्हणून मिळत असेल, तर त्याचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु स्वागत करणे म्हणजे डोळे मिटून घेणे नव्हे. कोणत्याही वाङ्मयप्रकाराची जशी चिकित्सा करतो, तशी 'विद्यार्थ्याचा प्रकल्प' या लेखनप्रकाराचीही चिकित्सा झाली पाहिजे. तो कोण लिहितो, कोणासाठी लिहितो, त्यातला प्रश्न कोणाचा असतो, आणि त्यातून कोणाच्या ज्ञानात भर पडते? हे प्रश्न आपण कादंबरीला विचारतो, कवितेला विचारतो. मग हजारो मुले दरवर्षी जे लिहितात, त्या लेखनालाच तेवढे आपण का वगळतो?

या बाबतीत आपल्यापाशी अनुभव नाही असे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पर्यावरण हा विषय पदवीच्या सर्व विद्यार्थ्यांना सक्तीचा झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासाठी सामायिक अभ्यासक्रम केला आणि त्यात क्षेत्रकार्याचा भाग ठेवला. हेतू निर्मळ होता. विद्यार्थ्याने आपल्या परिसरातली नदी, डोंगर, कचरा, पाणी प्रत्यक्ष पाहावे. पुढे काय झाले, ते प्रत्येक महाविद्यालयीन शिक्षकाला ठाऊक आहे. 'जलप्रदूषण : एक अभ्यास' या मथळ्याची एकच वही वर्षानुवर्षे हातोहात फिरत राहिली. महाविद्यालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रकल्प मिळू लागला. वरचे नाव बदलायचे, आतला मजकूर तोच. त्यात ऋणनिर्देश होता, प्रस्तावना होती, निष्कर्ष होता. फक्त नदी नव्हती. ज्या मुलीची आई रोज दोन मैलांवरून पाणी आणते, तिनेही त्या वहीत 'पाणी म्हणजे जीवन' असेच उतरवून काढले. तिला पाण्याविषयी जे माहीत होते, ते तिच्या प्रकल्पात कुठेच आले नाही. ते यावे असे तिला कोणी सांगितलेही नाही.

हा दोष मुलांच्या आळसाचा नाही. ज्या प्रश्नाशी आपला काही संबंध नाही असे मुलाला वाटते, त्याचे उत्तर तो नकलूनच देणार. नक्कल ही प्रश्न परका असल्याची खूण आहे.

मार्गदर्शित विद्यार्थी-लेखनाची आपली परंपरा मात्र नकलेची नाही, हे इथे ठासून सांगितले पाहिजे. १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. ती फुल्यांच्या शाळेत शिकणारी मातंग समाजातली विद्यार्थिनी होती. वय चौदा वर्षांच्या आसपास. आज आपण तो निबंध दलित स्त्रीचा पहिला उद्गार म्हणून वाचतो, आणि ते योग्यच आहे. पण तो एका विद्यार्थिनीचे लेखन आहे, शाळेत शिकता शिकता लिहिलेले, ही गोष्ट आपण विसरतो. त्यात काय आहे ते पाहा. वेदांवर एकाच वर्गाचा हक्क असेल, तर आमचा धर्म कोणता, हा तर्काचा प्रश्न आहे. पेशवाईत आपल्या लोकांवर काय गुजरले, त्याची साक्ष आहे. आपल्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्पर नसते, हे निरीक्षण आहे. तर्क, साक्ष आणि निरीक्षण! संशोधनाच्या पाठ्यपुस्तकात याहून वेगळे काय सांगितलेले असते? जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी त्या मुलीला विषय दिला की तिने तो स्वतः निवडला, या वादात शिरण्याचे कारण नाही. एवढे नक्की की, तिचा प्रश्न तिच्याकडून कोणी काढून घेतला नाही. त्या शाळेत शिकवणे म्हणजे मुलीला तिच्याच जगण्याकडे बोट दाखवण्याचे धैर्य देणे होते.

दुसरे उदाहरण अधिक परिचित आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवाद-वर्गात एका पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने भारतातील जातींविषयी निबंध वाचला. पुढच्याच वर्षी, मे १९१७ मध्ये, तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. ते तेव्हा पदवीच्या नव्हे, पदव्युत्तर वर्गात होते, हे खरे. परंतु तो निबंध वर्गातलाच होता. आजच्या भाषेत बोलायचे तर 'प्रकल्प'च. या निबंधात सेनार्त, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर या चौघांच्या जातीच्या व्याख्या एकामागून एक घेतल्या आहेत, तपासल्या आहेत आणि त्या कुठे उण्या पडतात ते दाखवले आहे. मग सजातीय विवाह हेच जातीचे मर्म आहे, हे प्रतिपादन केले आहे. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा त्या मर्माशी कशा जोडलेल्या आहेत, याचा उलगडा केला आहे. आणि शेवटी, आपले म्हणणे अखेरचे नाही, ते चुकीचे ठरले तर सोडण्याची तयारी आहे, अशीही भूमिका घेतली आहे.

या निबंधात साताऱ्याच्या शाळेतले गोणपाट नाही, तहानेची कथा नाही. बाबासाहेबांनी आपल्या वेदनेचा उल्लेखही तिथे केला नाही. परंतु प्रश्न मात्र त्या वेदनेतूनच आलेला आहे. जात कशी टिकते, हे ज्याला जातीने भरडले त्यानेच इतक्या मुळापर्यंत जाऊन विचारले. जगण्यातून प्रश्न आणि शिस्तीतून उत्तर, ही सांगड ज्याला साधली त्याचे विद्यार्थी-लेखन शंभर वर्षांनंतरही वाचले जाते.

मार्गदर्शकांचीही गोष्ट इथेच सांगण्यासारखी आहे. बाबासाहेबांचा 'रुपयाचा प्रश्न' हा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याला प्रस्तावना एडविन कॅनन यांची आहे. कॅनन यांनी त्या प्रस्तावनेत आपले मतभेद लपवलेले नाहीत. तरीही ग्रंथातल्या विचाराचा ताजेपणा त्यांनी मान्य केला आणि आपले नाव त्यामागे उभे केले. १९२५ साली आलेल्या ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथाला एडविन सेलिग्मन यांचे प्रास्ताविक आहे. मार्गदर्शक कसा असावा, याचे हे दोन दाखले आहेत. विद्यार्थ्याने आपलीच री ओढावी असा हट्ट नाही, आणि मतभेद झाला म्हणून पाठ फिरवणेही नाही. आपल्या महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत मार्गदर्शकाशी मतभेद झाला, तर विद्यार्थ्याचे काय होते? याचे उत्तर प्रत्येकाने स्वतःच्या मनाशी द्यावे.

तिसरा दाखला मराठवाड्यातला. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढले; तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. निजामी राजवट नुकतीच संपलेली. खेड्यापाड्यांतून, गावकुसाबाहेरून मुले आली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले आणि मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी ते रंगभूमीवर आणले. शंबूकापासून आजपर्यंतचा प्रवास ज्या मुलांनी मंचावर उभा केला, त्यांच्यातल्या कित्येकांच्या घरात नाटक हा शब्दही पोचलेला नव्हता. पुढे म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे यांच्यासारखे शिक्षक याच परिसरात होते. विद्यार्थ्याची पहिली कविता हातात घेऊन तिच्याशी गंभीरपणे बोलणारा शिक्षक तिथे होता. १९६०च्या दशकाच्या अखेरीस याच औरंगाबादेतून 'अस्मितादर्श' निघाले आणि दलित साहित्याला हक्काचे व्यासपीठ मिळाले. दलित साहित्याची चळवळ एका महाविद्यालयात जन्मली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण त्या चळवळीच्या पायाभरणीत शिक्षक-विद्यार्थी संबंधाचा वाटा किती मोठा आहे, हे अजून कोणी नीट लिहिलेले नाही. कोणा विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी विषय हवा असेल, तर हा घ्यावा.

आता या परंपरेच्या उजेडात आजचा आराखडा वाचू या.

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये चार वर्षांच्या पदवीचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यात तीन वर्षांना १२० आणि चार वर्षांना १६० श्रेयांक धरले. चौथ्या वर्षी संशोधनाचा मार्ग कोणाला? तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळवणाऱ्याला. त्याच्यासाठी १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प. वरवर पाहता ही अट निरुपद्रवी दिसते. हुशार मुलांनी संशोधन करावे, यात गैर काय? गैर हे की, गुण आणि प्रश्न विचारण्याची क्षमता या दोन गोष्टी एकच आहेत असे इथे गृहीत धरले आहे. जो मुलगा सकाळी वर्तमानपत्रे टाकतो, दुपारी वर्गात बसतो आणि रात्री मंगल कार्यालयात वाढपी म्हणून जातो, त्याला ६२ टक्के मिळतात. श्रमाचा बाजार कसा चालतो, हे त्याच्याइतके वर्गातल्या कोणालाच कळत नाही. पण शोधाचे दार त्याच्यासाठी बंद. परीक्षेत जे आहे तेच पुन्हा लिहून दाखवावे लागते. संशोधनात जे नाही ते शोधावे लागते. पहिल्याची परीक्षा घेऊन दुसऱ्याची पात्रता ठरवणे, हा न्याय नव्हे. शिवाय चौथे वर्ष म्हणजे आणखी एका वर्षाची फी, खोलीभाडे, खानावळ आणि घरच्या मिळकतीतली तूट. ज्याच्या घरात तो कमावता होण्याची वाट पाहिली जाते, तो तीन वर्षांनीच बाहेर पडणार. म्हणजे गुणांच्या चाळणीतून जो सुटला, तो पैशाच्या चाळणीत अडकला.

आराखड्यात 'भारतीय ज्ञान प्रणाली' हाही विषय आहे. त्याविषयी भांडण्यापेक्षा त्याला प्रश्न विचारू या. तरवडाची साल, बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडे कसे कमवायचे, हे चर्मकार-ढोर समाजाने शतकानुशतके जपलेले रसायनशास्त्र ज्ञान आहे की नाही? ते भारतीय आहे की नाही? असेल तर ते कोणत्या ग्रंथात शोधायचे? ते ग्रंथात नाही, माणसांच्या हातात आहे. ते हात थकत चालले आहेत. पदवीच्या विद्यार्थ्याने करावा असा याहून निकडीचा प्रकल्प कोणता?

यापुढची गोष्ट अधिक नाजूक आहे. दलित विद्यार्थी प्रकल्पाला बसतो तेव्हा त्याच्यासमोर दोन सापळे असतात. पहिला सापळा असा की, तो आपल्या वस्तीवर, आपल्या लोकांवर विषय मागतो, तेव्हा त्याला सांगितले जाते, 'हे फार व्यक्तिगत होईल, वस्तुनिष्ठता राहणार नाही.' वाड्यातल्या मुलाने आपल्या घराण्याच्या दप्तरावर काम केले, तर ते मात्र इतिहास संशोधन ठरते! दुसरा सापळा याच्या उलट आहे. सर्जनशील लेखनाचा प्रकल्प असला की त्याच दलित मुलाला कौतुकाने सांगतात, 'तू तुझं दुःख लिही, तुझ्याकडे अनुभव आहे.' इतर मुले विज्ञानकथा लिहितात, प्रेमकविता लिहितात, चित्रपटाची समीक्षा करतात. याने मात्र दरवेळी आपली जखमच उघडी करून दाखवायची. संशोधनात त्याचा अनुभव अडचण ठरतो आणि साहित्यात अनुभवाखेरीज त्याच्याजवळ दुसरे काही असेल हेच मान्य होत नाही. या दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे : विचार करणारे आम्ही, भोगणारे तुम्ही. मुक्ता साळवेने ही समजूत १८५५ साली मोडली. बाबासाहेबांनी ती १९१६ साली मोडली. ती आमच्या शिक्षक-खोलीत अजून शाबूत आहे.

एक उदाहरण देतो. माझ्या वर्गातली एक मुलगी ऊसतोड कामगारांच्या कुटुंबातली. आई-वडील दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तोवर ती आजीजवळ. क्षेत्र प्रकल्पासाठी तिने आधी 'बचत गटांची भूमिका' हा छापील यादीतला विषय आणला. बोलता बोलता तिच्या तोंडून शब्द आले - उचल, कोयता, खाडा, वाढे. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक जोडी. मजुरी मोजायची ती जोडीची, बाईचा वेगळा हिशेब नाही. खाडा म्हणजे कामावर न गेलेला दिवस, त्याची कपात. हे सगळे तिला पाठ होते, पण हे 'ज्ञान' आहे हे तिला ठाऊक नव्हते. तिने आपल्या तांड्याशेजारच्या वस्तीतली बारा कुटुंबे निवडली आणि पाच हंगामांची उचल, फेड आणि उरलेले देणे आजीला, आईला, शेजारणींना विचारून मांडले. मी तिला दोनच गोष्टी सांगितल्या : मुकादमाकडचा आकडाही विचार, आणि दोन्ही आकडे जुळले नाहीत तर कोणताही एक खोडू नकोस, दोन्ही लिही. आकडे जुळले नाहीत. न जुळणारे आकडे हाच तिच्या प्रकल्पाचा निष्कर्ष झाला. कर्जाचा हिशेब ज्याच्या वहीत असतो, त्याच्या बाजूने कर्ज वाढते, हे तिने कोणत्याही पुस्तकातून उचललेले नव्हते.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. त्या महिलांच्या मुली त्याआधी कुठल्या ना कुठल्या महाविद्यालयात शिकतच असतील. त्यांच्यापैकी एखादीला तरी कोणा शिक्षकाने विचारले असेल काय, की तुझ्या वस्तीत आयांच्या पोटावर टाके का दिसतात? प्रकल्प म्हणजे केवळ श्रेयांक नव्हे, तो किती आधी धोक्याची हाळी देऊ शकला असता, हे यावरून ध्यानात येईल.

पण आपण फक्त प्रस्थापितांकडे बोट दाखवून थांबू नये. आपल्या बाजूचीही एक खोड आहे. आपल्या कार्यकर्त्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात निष्कर्ष आधी लिहिलेला असतो. पहिल्या पानावर बाबासाहेबांचे छायाचित्र, दर दोन पानांवर त्यांचे अवतरण, आणि मधल्या जागेत घोषणा. ज्यांनी आपला निबंध अखेरचा नाही असे सांगितले, त्यांच्या नावाने आपण अखेरचे निकाल लावतो! आदर वाटणे वेगळे, पुरावा देणे वेगळे. आणखी एक. बौद्ध मुलगा मेहतरांच्या वस्तीत प्रश्नावली घेऊन जातो, तेव्हा तिथे तोही बाहेरचाच असतो. तिथल्या बाईला तो ज्या नजरेने पाहतो, ती नजर त्याने तपासली पाहिजे. दलितत्व हा सर्वज्ञतेचा दाखला नव्हे.

आणि ज्यांना आपण 'माहिती देणारे' म्हणतो, त्यांना सहकारी मानायला शिकले पाहिजे. गी पॉइटवँ आणि हेमा राइरकर यांनी ग्रामीण बायकांच्या साथीने जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्यांचे ते भांडार आहे, आणि त्यात भीमरायाला आपला भाऊ मानणाऱ्या दलित बायकांच्या ओव्याही आहेत. त्या गाणाऱ्या बायकांची नावे ओव्यांबरोबर नोंदवलेली आहेत. आमच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात मात्र 'एक वृद्ध महिला' एवढीच नोंद असते. आजीने दोन तास गायले, आणि ऋणनिर्देशात नाव प्राचार्यांचे! तिची संमती असेल तर तिचे नाव पहिल्या पानावर असले पाहिजे. आणि पूर्ण झालेला प्रकल्प तिला तिच्या भाषेत वाचून दाखवला पाहिजे. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्यासमोर जे लेखन वाचता येत नाही, ते लेखन संशयास्पद समजावे.

हे सर्व शिक्षकावर अवलंबून आहे, आणि शिक्षक कोणत्या अवस्थेत आहे? कायम जागा रिकाम्या, वर्ग तासिका तत्त्वावर. ज्याचे मानधन वेळेवर येत नाही आणि ज्याला पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हे ठाऊक नाही, त्याने चाळीस विद्यार्थ्यांना प्रत्येकी मार्गदर्शन करावे, अशी अपेक्षा आहे. तो सही करतो. दुसरे काय करणार? मार्गदर्शनाचा तास कामाच्या तासांत धरला जात नाही, तोवर मार्गदर्शन ही केवळ शिक्क्याची जागा राहील. आराखडा लिहिणाऱ्यांनी श्रेयांक मोजले; शिक्षक मोजायचे मात्र राहून गेले.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. संशोधनाचे दार गुणांच्या टक्केवारीने बंद करू नये. विद्यार्थ्याने लिहिलेला प्रश्न आणि त्याची तयारी पाहून ते उघडावे. क्षेत्रकार्याचा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी भरून देणारी वृत्ती असावी. प्रकल्प मराठीत, बोलीतल्या शब्दांसह, लिहिण्याचा हक्क असावा. चांगले प्रकल्प ग्रंथालयात नोंद करून ठेवावेत, रद्दीत जाऊ देऊ नयेत. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला मार्गदर्शनाचे मानधन मिळावे. आणि आपल्या नियतकालिकांनी वर्षातून एक अंक पदवीच्या विद्यार्थ्यांच्या लेखनासाठी राखून ठेवावा. त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहण्याची गरज नाही.

आपल्या मुलांना आजवर सर्वेक्षणात एक रकाना म्हणून जागा मिळाली : जात, उत्पन्न, शिक्षण, व्यवसाय. आता रकाने आखण्याची पट्टी त्यांच्या हातात येऊ पाहत आहे. ती त्यांनी आपली म्हणून धरली, तर गावकुसाबाहेरचे जग पहिल्यांदाच आतून मोजले जाईल. आणि त्यांनी नुसती छापील वही भरून दिली, तर आणखी एक पिढी उत्तरे लिहीत राहील आणि प्रश्न मात्र दुसरेच काढत राहतील. यातले काय घडेल, हे दिल्लीत ठरणार नाही. ते आपल्या वर्गात, येत्या सत्रात, विषयाची यादी फळ्यावर लिहिताना ठरणार आहे.